चाळिशीनंतर टेनिसला कोच लावून फरक पडतो का?

कोथरूडकर:
वय 43. कॉलेजात बॅडमिंटन खेळायचो, टेनिसला लागलो कोविडनंतर. रोज सकाळी चौघांची डबल्स असते. फोरहँड बऱ्यापैकी बसलाय, पण सर्व्हिसने जीव नकोसा केलाय. पहिली जोरात मारतो, ती नेटमध्ये. दुसरी घाबरत ढकलतो आणि समोरचा पुढे येऊन ती चेपतो. यूट्यूबवर एक सांगतो गुडघे वाकवा, दुसरा सांगतो खांदा फिरवा. क्लबातला मार्कर तासभर बॉल देतो, घाम मस्त निघतो, सर्व्हिस आहे तिथेच. हल्ली कोपरही दुखतं. स्पर्धा खेळायच्या नाहीत, पण खेळ सुधारावा असं मनापासून वाटतं. या वयात कोचवर पैसे घालावेत का?

निवांत:
भिंतीवर मारा, रोज बादलीभर सर्व्हिस करा, आपोआप बसेल. फेडरर 2004 मध्ये कोचशिवाय तीन ग्रँड स्लॅम जिंकला होता.

पहाटपाखरू:
निवांत, 2004 चं खरं आहे. पण त्याआधी लहानपणी पीटर कार्टर आणि पुढे 2003 पर्यंत पीटर लुंडग्रेन त्याच्यासोबत होते. पाया घालून झाला होता. आपल्यासारख्यांचा पाया कुणी घातलाय? चुकीच्या ग्रिपने बादलीभर सर्व्हिस केली तर तीच चूक पक्की होते.

कोथरूडकर, मी नाशिकला पस्तिशीनंतर शिकायला लागले, त्यामुळे तुमची तगमग कळते. माझ्या कोचने पहिल्या दिवशी बराच वेळ नुसतं पाहिलं. मग रॅकेट हातात घेऊन माझी मूठ थोडी फिरवली, बस. रॅकेटच्या मुठीला आठ कडा असतात. मी फोरहँडच्याच पकडीने सर्व्हिस करत होते, ते त्यांनी मोडलं. हातोडी धरावी तशी धरायला लावली, म्हणजे तर्जनीच्या बुडाचं हाड दुसऱ्या कडेवर. हीच कॉन्टिनेंटल ग्रिप. मग रॅकेटच्या काठावर बॉल टप्पे टप्पे उडवायचा, ग्रिप हातात मुरेपर्यंत. त्यानंतर सर्व्हिस लाइनवरून, म्हणजे नेट आणि मागची रेषा यांच्या मधल्या आडव्या रेषेवरून सर्व्हिस, आणि जमेल तसं एकेक पाऊल मागे. बेसलाइनवर, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवर, लगेच उभंच केलं नाही.

टॉससाठी डाव्या पायापुढे, बेसलाइनच्या जरा आत, दुसरी रॅकेट जमिनीवर ठेवली. बॉल वर सोडायचा आणि मारायचा नाही, तसाच पडू द्यायचा. तो त्या रॅकेटच्या जाळीवर पडला तर टॉस बरोबर. माझा दर वेळी डोक्यामागे जायचा. मला ते कधीच जाणवलं नव्हतं, कारण मारताना आपण मान वळवून कसंतरी जमवून घेतो. बाहेरचा डोळा लागतो तो इथे.

दुसऱ्या सर्व्हिसचं तर गणितच वेगळं. नेट मधोमध 0.914 मीटर उंच असतं. ढकललेला बॉल फक्त स्वतःच्या वजनाने खाली येतो, म्हणून तो आत पाडायचा तर हळूच मारावा लागतो. खालून वर घासून मारला की टॉपस्पिन, म्हणजे पुढच्या दिशेची फिरकी, लागतो. मग बॉल नेटच्या बराच वरून जाऊनही झपकन खाली उतरतो. त्यामुळे दुसऱ्या सर्व्हिसला हात आखडायचा नाही. वेग तोच, दिशा वर. फोरहँडच्या ग्रिपने असं घासताच येत नाही, म्हणून आधी ग्रिप.

तुम्ही बॅडमिंटनवाले आहात, ही मोठी जमेची बाजू. स्मॅशमध्ये कोपरापुढचा हात जसा आतून बाहेर फिरतो, जवळपास तसाच सर्व्हिसमध्ये फिरतो. चांगला कोच हे पहिल्या तासात ओळखेल आणि तुमच्याकडे आहे ते वापरेल. मार्करचं काम बॉल देणं, तो ते चोख करतो. त्याच्याकडून निदानाची अपेक्षा ठेवू नका.

साबालेन्काचंच बघा. 2022 मध्ये तिच्या डबल फॉल्ट, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकून गेलेले पॉइंट, 400 च्या वर गेल्या होत्या. मग गॅव्हिन मॅकमिलन या बायोमेकॅनिक्सच्या जाणकाराबरोबर तिने सर्व्हिस नव्याने बांधली आणि 2023 ची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. तिलाही स्वतःचं स्वतः दिसलं नाही.

कोपर मात्र आधी फिजिओला दाखवा.

दुहेरीप्रेमी:
वयाचं म्हणाल तर बोपण्णा 2024 ला ऑस्ट्रेलियन ओपनची दुहेरी जिंकला तेव्हा तुमच्याच वयाचा होता. आमच्या कोचने स्ट्रोकला हातही लावला नाही, जागा शिकवल्या. पार्टनर रिटर्न घेत असताना मी नेटला चिकटून उभा असायचो, त्यांनी सर्व्हिस लाइनवर आणलं. पायात बसणारे बॉल तेवढ्यानेच कमी झाले.

कोथरूडकर:
खूप आभार! काल मोबाइलवर शूट करून पाहिलं, ग्रिप फोरहँडचीच आहे. एक विचारतो, ग्रिप बदलताना रोजच्या मॅचचं काय करू?

पहाटपाखरू:
खेळा, पण पार्टनरला आधी सांगून ठेवा. काही आठवडे सर्व्हिस आणखी बिघडेल, बॉल डावीकडे पळेल. 30-40 ला, म्हणजे एक पॉइंट गेला की गेम जाणार अशा वेळी, जुनी ग्रिप धरायचा मोह होतो, तो टाळा. आणि कोच ठरवताना एक तास ट्रायल मागा. त्या तासात तो तुमच्याकडे किती वेळ बघतो ते पाहा. आल्या आल्या बास्केट उपसायला लागला, तर दुसरा शोधा.