मदत हवी आहे: वाचतो भरपूर, पेपरात आठवत नाही

धाकटा भाऊ एसवाय बीएस्सीला आहे. बदलापूर-दादर, रोजचे अडीच-तीन तास लोकलमध्येच जातात. बारावीपर्यंत पाठांतरावर निभावलं, इथे मात्र गणितात एटीकेटी. नोट्सवर पिवळा हायलायटर फिरवत बसतो. वही मिटून विचारलं की गप्प. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा न बघता आठवलेलं जास्त दिवस टिकतं, हे रोडिगर-कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगांतही दिसलंय. त्याला पटतं, पण "परीक्षेला वेळ आहे गं ताई" चालूच. शंका घेऊन सरांकडे जायचीही लाज! (मराठी माध्यमातून आलाय, इंग्रजीत विचारायची धास्तीही असेल.)

गर्दीत उभ्याने असा आठवण्याचा सराव कुणी केलाय का? नेमका कसा? दादरजवळ उशिरापर्यंत उघडी, परवडणारी अभ्यासिका असेल तर तीही सांगा. क्लासच्या जाहिराती नकोत, प्लीज.