अनुभव धागा: इग्वासूच्या काठावर तुम्हाला सरहद्द कुठे दिसली?

ब्राझील-आर्जेंटिना सीमेवरचा, इग्वासू नदीचा धबधबा पाहून आलेले आपल्यात बरेच निघाले, म्हणून हा धागा. फोटो सगळ्यांचे सारखेच, ते राहू द्या. नदी आणि सीमेबद्दल काय कळलं ते लिहा.

सुरुवात माझ्यापासून. ब्राझीलमध्ये कुरितिबाजवळ, अटलांटिकच्या उशाशी ही नदी उगम पावते आणि समुद्राकडे पाठ फिरवून हजाराहून जास्त किलोमीटर पश्चिमेला जाते. मी नाशिकची, मला त्याचं नवल नाही. आमची गोदामाईही तेच करते, फक्त उलट्या दिशेला.

*

सीमा मला पुलावर दिसली. १९८५ सालचा तांक्रेदो नेव्हिस पूल, कठडा अर्धा हिरवा-पिवळा, अर्धा निळा-पांढरा. रंग बदलला की आर्जेंटिना! पण ब्राझीलच्या बाजूच्या फोज दो इग्वासू शहरातून निघालेली आमची लोकल बस ब्राझीलच्या चौकीवर थांबलीच नाही. पासपोर्टवर शिक्का हवा तर बेल वाजवून उतरायचं असतं म्हणे. आम्ही खिडकीतून नदी बघण्यात दंग. परतताना तासभर बाकावर बसून उत्तरं दिली.

*

काठावरचा काळा कातळ बघून हिने विचारलं, "अहो, हा आपल्या वरंधा घाटातलाच ना?" तसाच, बसाल्ट. लाव्हाचे थरावर थर. फक्त हा सुमारे १३ कोटी वर्षांचा, म्हणजे दख्खनच्या कातळाच्या दुप्पट म्हातारा. थरांच्या पायऱ्या आहेत म्हणून पाणी टप्प्याटप्प्याने पडतं. बहुतेक धारा आर्जेंटिनात आहेत, त्यामुळे अख्खा देखावा समोर ब्राझीलमधून दिसतो. सीमारेषा जाते ती 'सैतानाच्या घशा'तून, म्हणजे धबधब्याच्या सगळ्यात मोठ्या धारेतून. तिथे रेषा कसली, नुसते तुषार. पुढे सुमारे २३ किलोमीटरवर इग्वासू पाराना नदीला मिळते आणि पलीकडे पॅराग्वे.

*

माझा एम्पानाडा (सारण भरलेली करंजी) कोआटीने, म्हणजे तिथल्या लांब शेपटीच्या रकूनसारख्या प्राण्याने, पळवला. कोणत्या देशाचा कोआटी ते कळलं नाही. आणि हो, यलो फीव्हरची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्या, परत येताना भारतात कार्ड मागतात.

*

आम्ही नेमके ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस गेलो. एरवी सेकंदाला दीड हजार घनमीटरच्या आसपास वाहणारी नदी २४ हजारांवर गेली होती. आपल्या धरणांच्या भाषेत साडेआठ लाख क्युसेक! पाणी तांबडंलाल, घशाकडे नेणाऱ्या पायवाटा दोन्ही देशांनी बंद केलेल्या. लांबूनच पाहिलं. बायको म्हणाली, "यात ब्राझीलचं कुठलं आणि आर्जेंटिनाचं कुठलं, दाखव बरं."