जुन्या मेटल कॅसेटींना बुरशी: वाचवू, की सरळ एलपी घेऊ?

लालबागचा_रिफ

मंडळी, धागा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

आमची लालबागची चाळ अखेर पुनर्विकासाला गेली. खोली रिकामी करताना माळ्यावरून माझी पत्र्याची ट्रंक खाली आली. वर आईच्या दोन पितळी समया, त्यांच्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या माझ्या ४१ कॅसेटी. आयर्न मेडन, ज्युडास प्रीस्ट, ब्लॅक सॅबथ, मेटालिका, मेगाडेथ, थोडा डिओ: सगळं हेवी मेटल. २००३ साली लग्न करून डोंबिवलीला गेलो, टू-इन-वन (रेडिओ-कॅसेट प्लेअर) भंगारात गेला आणि ह्या इथेच राहिल्या. २०२५ च्या जुलैत सॅबथचा गायक ऑझी गेला त्या रात्री मोबाइलवर 'पॅरानॉइड' ऐकताना ह्यांची आठवण झाली होती, पण ट्रंकेपर्यंत हात पोचला तो बिल्डरची तारीख आल्यावरच.

४१ पैकी ओरिजिनल नऊ. बाकीच्या भरून घेतलेल्या. ज्यांचा जन्म एमपी३ नंतरचा आहे त्यांच्यासाठी: दादर स्टेशनबाहेर एक कॅसेटवाला बसायचा. त्याच्याकडे दोनशे पानी वही, वहीत अल्बमची यादी. कोरी टीडीके डी-९० द्यायची, दोन अल्बमवर बोट ठेवायचं, चार दिवसांनी भरलेली कॅसेट न्यायची. कायदेशीर होतं का? अजिबात नाही. पण ओरिजिनल शंभराच्या घरात, आणि आमच्याकडे शंभराची नोट मोडायची तर आईची मंजुरी लागायची.

डी-९० ची एक बाजू ४५ मिनिटांची. मेडनचा 'पॉवरस्लेव्ह' (१९८४) ५१ मिनिटांचा. कॅसेटवाल्याने हा हिशोब कधी केला नाही. शेवटचं गाणं 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर', कोलरिजच्या १७९८ च्या कवितेवर बेतलेलं, तेरा मिनिटांहून मोठं. मध्येच सगळी वाद्यं खाली बसतात. वारा पडलेला, जहाज समुद्रात ठप्प, लाकूड करकरतंय. मग गाणं हळूहळू उठायला लागतं, आता काहीतरी होणार, आणि खट्. टू-इन-वनचं बटण वर. १९९४ ते १९९८ माझं जहाज तिथेच उभं होतं. दुसऱ्या बाजूला मेटालिकाचा 'मास्टर ऑफ पपेट्स' (१९८६), तो ५५ मिनिटांचा. 'ओरायन' अर्ध्यात तुटायचं आणि त्याच्यापुढे 'डॅमेज इंक' नावाचं गाणं आहे हे मला कॉलेज संपताना कळलं, तेही मित्राने ओरिजिनल नाकासमोर धरली तेव्हा. पैजेत चार वडापाव गेले.

बाबांचंही सांगतो, विषयाला धरूनच आहे. ते गिरणीत साळखात्यात, साच्यावर म्हणजे मागावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तो त्यांच्यापुरता कधी मिटलाच नाही. (मेडनचा 'नंबर ऑफ द बीस्ट' त्याच मार्चमधला. मी पाच वर्षांचा, मला नंबर कळायचे ते बेस्टचे.) पुढे त्यांनी एका सोसायटीत वॉचमनची नोकरी धरली. रात्रपाळी करून दिवसा झोपायचे आणि मी दुपारी सॅबथ लावायचो. एकदा वैतागून म्हणाले, "हा कोण साचा चालवतोय?" मी सांगितलं, हा सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी, बर्मिंगहॅमचा. पत्र्याच्या कारखान्यात होता, सतराव्या वर्षी मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा नेमका तोच हात. मग ह्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या, आणि १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'त त्या आणखी सैल सोडल्या. बाबा उठून बसले. म्हणाले, "मालकाने भरपाई दिली का?" मी गप्प. मग म्हणाले, "लाव. पण हळू."

तर आजची अवस्था. १४ कॅसेटींच्या फितीवर कडेने पांढरी लव, ओल्या खोबऱ्यावर चढते तशी. दोन-तीन कॅसेटींमधला, फितीला मागून दाबणारा फेल्टचा तुकडा गळून डब्यात पडलाय. ह्या वाचतील का? की नाद सोडून तेच अल्बम एलपीवर, म्हणजे मोठ्या तबकड्यांवर जमवायला घेऊ? नवी आयात एलपी अडीच-तीन हजारांना दिसते, वर टर्नटेबल. घर वन बीएचके. बायकोने स्पष्ट सांगितलंय, कपाटाचा तो खण एकतर कॅसेटींना मिळेल नाहीतर शिलाई मशीनला.

सुईधागा

रिफभाऊ, हात जोडून विनंती, बुरशीवाली कॅसेट तशीच लावू नका. एक लावलीत की बुरशी फीत वाचणाऱ्या हेडवर, रबराच्या चाकावर, आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर. ही चूक मी केलेली आहे. एका पावसाळ्यात सहा कॅसेटी गेल्या, त्यात कुमार गंधर्वही होते.

उन्हात पापडासारख्या मांडू नका, कवच वाकडं होतं. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर आठ-दहा दिवस ठेवा. लव वाळून भुकटी झाली की तोंडाला मास्क लावून कॅसेटचे पाच स्क्रू काढा. ओरिजिनलमध्ये बऱ्याचदा स्क्रू नसतात, कवच चिकटवलेलं असतं. ते कडेने कटरने सोडवून रिळं दुसऱ्या कवचात बसवावी लागतात. चष्म्याच्या फडक्यात फीत हलकेच धरून एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा. फितीला स्पिरिट लावायचं नाही. ते हेडसाठी. फेल्टचं सोपं आहे: रस्त्यावर मिळणारी कुठलीही टाकाऊ कॅसेट फोडा, तिच्यातली पत्ती फेल्टसकट उचलून ह्याच्यात बसवा.

डेक जुना घ्याल तर आधी आतला बेल्ट बघा. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या मशीनमध्ये त्याचं डांबर होतं, हाताला लागलं की दोन दिवस जात नाही. आणि हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, तो केसभर फिरवत झांजा मोकळ्या वाजेपर्यंत जुळवा. भरलेल्या कॅसेटी दुसऱ्याच मशीनवर भरलेल्या असतात, म्हणून त्या आपल्या डेकवर गोधडीखालून आल्यासारख्या वाजतात. निम्म्या लोकांना वाटतं फीत मेली. मेलेली नसते, स्क्रू फिरवायचा राहिलेला असतो.

आता एलपी. माझ्याकडे सव्वाशे आहेत, म्हणून सांगतो, घेऊ नका. तुमच्या बजेटला जुन्या सीडी. फक्त आवृत्ती बघून. ऑझीचे 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ' आणि 'डायरी ऑफ अ मॅडमन' २००२ चे असतील तर हात लावू नका: रॉयल्टीच्या भांडणानंतर मूळ बेस आणि ड्रम पुसून दुसऱ्यांकडून वाजवून घेतलेत. २०११ मध्ये मूळ परत आलं. 'रस्ट इन पीस' २००४ चा असेल तर मेगाडेथच्या मस्टेनने काही गाण्यांत आवाज नव्याने गायलाय. मेडनचे १९९८ चे रीमास्टर (आवाज नव्याने जुळवलेल्या आवृत्त्या) मला दाबून मोठे केल्यासारखे वाटतात, त्याआधीच्या सीडी मिळाल्या तर सोडू नका. चोरबाजारात मटण स्ट्रीटला शुक्रवार सोडून जा आणि डबी तिथेच उघडून बघा. मी प्रीस्टचा 'पेनकिलर' म्हणून आणलेल्या डबीत सत्यनारायणाची कथा निघाली होती.

उगाच

सगळं स्ट्रीमिंगवर आहे हो. महिन्याला किरकोळ पैशात. बुरशीशी कसली कुस्ती खेळताय?

सुईधागा

@उगाच, २००२ ची सीडी निदान कव्हरवर वर्ष तरी सांगते. तुमच्या ॲपवर उद्या आवृत्ती बदलली तर तुम्हाला कळवायला कोण येणार?

मी_गिरगावकर

रिफदादा, रडवलंत आणि हसवलंत. बाबांचा प्रश्न एकदम बरोबर होता.

माझं मेटल म्हणजे भावाची उष्टी कॅसेट. तो ऐकून झोपला की वॉकमन माझा. धोबीतलावचं रंगभवन आमच्या घरापासून चालत दहा-बारा मिनिटं, पण तिथल्या आय-रॉक ह्या रॉक महोत्सवाला "मुलींचं काम नाही" म्हणून हा मला न्यायचा नाही. एका वर्षी मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते सांगून गेले. आत तोच दिसला, शर्ट काढून मान हलवत होता. दोघांनी एकमेकांना बघितलं आणि घरी कुणीच काही बोललं नाही. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमात रंगभवनातलं ते सगळं बंद पडलं. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे कॅसेट-सीडीचं दुकान २०१६ ला गेलं. तिथे एका दुपारी बूथमध्ये उभं राहून डिओचा 'होली डायव्हर' ऐकलेला, विकत न घेता.

तुम्ही १ फेब्रुवारी २००८ ला बीकेसीला होतात का? मेडनचा तो अख्खा जागतिक दौरा आपल्या मुंबईतून सुरू झाला. बँडचं बोइंग ७५७, आणि ते चालवणाऱ्यांत गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः. त्या रात्री 'राइम' पूर्ण वाजवलं. मधला तो करकरणारा भाग आला तेव्हा मैदान इतकं शांत झालं की कुणाच्या तरी कडेवरचं पोर रडलेलं ऐकू आलं. तुमचं जहाज तिथे सुटलं असतं.

आणि सुईधागांशी मी सहमत नाही. सव्वाशे नकोत, पण एक एलपी घ्याच, मेडनचा 'समव्हेअर इन टाइम' (१९८६). ऐकायला नाही, बघायला. चित्रकार डेरेक रिग्जने त्या कव्हरच्या चित्रात काय काय लपवलंय! घड्याळात २३:५८ वाजलेत, मध्यरात्रीला दोन मिनिटं कमी, आधीच्या अल्बममधल्या '२ मिनिट्स टू मिडनाइट' गाण्यासारखे. एका पाटीवर फुटबॉलचा स्कोअर, वेस्ट हॅम ७, आर्सेनल ३, कारण मेडनचा बेसवाला स्टीव्ह हॅरिस वेस्ट हॅमचा भक्त. कॅसेटच्या कव्हरवर हे सगळं मुंगीएवढं. मी वीस वर्षं त्या मुंग्या बघत होते.

लालबागचा_रिफ

गिरगावकरताई, २००८ ला मुलगी दोन महिन्यांची होती, कावीळ झालेली. तिकीट ऑफिसातल्या पोराला दिलं. त्याने दुसऱ्या दिवशी येऊन विचारलं, "तो मोठा ममी कोण होता?" (पट्ट्या गुंडाळलेला एडी, मेडनचा मॅस्कॉट.)

लालबागचा_रिफ

पाच आठवड्यांनी अपडेट.

१४ पैकी ११ वाचल्या. दोन आतून चिकटल्या होत्या, फिरवताना फितीचा तपकिरी थर फडक्यावर आला, फेकल्या. एक मी मारली. 'पीस ऑफ माइंड' उघडताना रिळ हातातून निसटलं आणि शंभरेक मीटर फीत स्वयंपाकघरात. कणीक मळता मळता बायको म्हणाली, "पतंगाचा मांजा असाच गुंडाळायचे आमचे बाबा, अंगठा आणि करंगळीवर." आणि खरंच तिने गुंडाळलीही. वाजत मात्र नाही, उलटी गुंडाळली गेलीय बहुतेक, नुसती घरघर येते.

डेक ठाण्याच्या एका दुरुस्तीवाल्याकडून घेतला. बेल्ट नवा, सुईधागा म्हणाले तस्सा जुन्याचा डांबराचा गोळा त्याने मला पुडीत बांधून दाखवायला दिला. पहिली कॅसेट गोधडीखालूनच वाजली. स्क्रू पाव वळसाही फिरवला नसेल, आणि हाय-हॅट, म्हणजे ड्रमच्या झांजा, एकदम कानाजवळ आली. मी उडालोच.

रविवारी 'ब्रिटिश स्टील' (१९८०) लावली, ही ओरिजिनल. 'मेटल गॉड्स' चालू होतं आणि बायको आतून ओरडली, "चमच्यांचा ट्रे पाडलात ना?" मी म्हटलं, बरोबर ओळखलंस. प्रीस्टने तो अल्बम रिंगो स्टारच्या घरात रेकॉर्ड केला, आणि लोखंडी पावलांच्या आवाजासाठी खरोखरच काटे-चमच्यांचा ट्रे हलवला. 'ब्रेकिंग द लॉ'मध्ये फुटतात त्या दुधाच्या बाटल्या. ती बाहेर आली, तेवढं गाणं उभ्याने ऐकलं, म्हणाली, "स्टीलचे नाहीत ते चमचे. जड आहेत." तेहतीस वर्षं मेटल ऐकतोय, हे मला सुचलं नव्हतं.

'पॉवरस्लेव्ह' शेवटी ठेवली होती. मटण स्ट्रीटला १९९८ च्या आधीची सीडी मिळाली, दीडशे रुपये, डबीला तडा, आत मेडनच. आधी कॅसेट ऐकली. करकर, मग गाणं उठायला लागलं, आणि खट्. मग सीडीवर तिथून पुढचं लावलं. वाजतंय छान, पण त्या जागेवर हात आपोआप बटणाकडे गेला. मुलगी आता अठराची, तिने विचारलं, "बंद का करताय? आत्ताच तर चालू झालं." तिला पुढची पाचेक मिनिटं ऐकवली. तिने हेडफोन काढून घेतले आणि परत पहिल्यापासून लावलं.

एलपी सध्या नाही. 'समव्हेअर इन टाइम'चं कव्हर मात्र कुणाकडे आतली तबकडी फुटलेलं पडलं असेल तर मला कळवा, भिंतीला जागा आहे. समया बायकोने घेतल्या. ट्रंकेत आता शिलाई मशीन आहे आणि खण मला मिळालाय.

सुईधागा, एक राहिलं. सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्यात किती दिवसांनी बदलायच्या? निळे दाणे गुलाबी व्हायला लागलेत.

सुईधागा

बदलू नका. मंद आचेवर तव्यात भाजा, परत निळे होतात. तो तवा पुन्हा पोळीला वापरू नका.