मदत हवी आहे : परदेशी पाहुण्यांना कोल्हापुरात टीपचं काय सांगू?

नमस्कार मंडळी,

मी गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत आहे. आमचं कास्टिंग बाहेरच्या देशांत जातं, त्यामुळं वर्षातून दोन-तीनदा गिऱ्हाइकाकडचे इंजिनिअर तपासणीला येतात. त्यांना आणण्यापासून रात्री जेवू घालण्यापर्यंत सगळं माझ्याकडं असतं. पुढच्या महिन्यात तिघं एकदम येतायत : एक जर्मन, एक अमेरिकन, एक जपानी. दोन संध्याकाळी आणि आख्खा रविवार ते आपले आपण फिरणार आहेत. अमेरिकन पाहुण्यानं आत्ताच मेल टाकून विचारलंय, तुमच्याकडं टीप किती टक्के द्यायची?

उत्तर लिहायला बसलो आणि अडकलो. टक्के सांगायचे तर कुठले? राजारामपुरीतल्या एसी हॉटेलचे, मिसळीच्या दुकानाचे, की घरगुती खानावळीचे?

मागच्या वर्षी अशाच एका खानावळीत पाहुण्याला मटण ताटासाठी नेलं होतं. आत मावशी भाकरी थापणार, मुलगा वाढणार, सून गल्ल्यावर. पाहुण्यानं पांढरा रस्सा चार वाट्या प्याला, खूष झाला आणि निघताना पाचशेची नोट ताटाखाली सरकवली. आम्ही गाडीपाशी पोचतोय तोवर मावशी पिठाच्या हातानं धावत आल्या. "पावणं, पैसं इसरलासा की!" मी म्हटलं, विसरले नाहीत, तुमच्यासाठीच ठेवलेत. त्यांचा चेहरा पडला. "आवो, ताटाचं पैसं दिल्यात न्हवं? मग ह्ये कशापायी?" नोटेवर तांबड्या रश्श्याचा अर्धा गोल उमटला होता, एका कोपऱ्याला भाकरीचं पीठ लागलं होतं. ती नोट त्यांनी माझ्या हातात कोंबली. पाहुणा वाटभर विचारत राहिला, माझ्याकडून त्यांचा अपमान झाला का? मला धड काही सांगता आलं नाही, ते अजून मनात आहे.

दुसरा अनुभव उलटा. एका मोठ्या हॉटेलात बिलातच 10 टक्के सर्व्हिस चार्ज लावला होता. पाहुणा जर्मन. त्याला वाटलं, वेटरचं यातच आलं, म्हणून तो तसाच उठला. तो पोरगा दोन तास आमच्या टेबलाभोवती होता. बाहेर पडताना मी विचारलं तर म्हणाला, "त्यातलं आमच्या हातात काय येत नाही, साहेब." मी खिशातले शंभर त्याला दिले, पण पाहुण्याला हे सांगायचं कसं, ते सुचलं नाही.

मी एवढा खोलात जातोय, कारण बोर्डिंगात राहून शिकत होतो तेव्हा दोन वर्षं संध्याकाळी मी स्वतः हॉटेलात वाढलंय. बडीशेपेच्या बशीत राहिलेली दहाची नोट म्हणजे माझा दुसऱ्या दिवशीचा नाष्टा असायचा. आणि मागं भांडी घासणाऱ्या पोरांपर्यंत त्यातलं काही पोचायचं नाही, हेही मी बघितलंय. त्यामुळं पाहुण्यानं दिलेलं योग्य हातात पडावं आणि कुणाला लाजल्यासारखंही होऊ नये, असं काहीतरी लिहून द्यायचंय. जाणकारांनी मदत करा.

प्रतिसाद – कॅप्टन

पंधरा वर्षं हॉटेल लाइनमध्ये आहे, सध्या ताराराणी चौकाच्या बाजूला. पहिलं सर्व्हिस चार्जचं सांगतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 ला स्पष्ट केलंय की हॉटेलवाल्यानं तो आपोआप बिलात धरायचा नाही, दुसऱ्या नावानंही नाही. त्याविरुद्ध हॉटेलवाले कोर्टात गेले होते, पण मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही प्राधिकरणाचंच धरलं. तेव्हा बिलात दिसला तर शांतपणे "हा काढा" म्हणा. नाहीच ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइन 1915. काढून घेतलेली रक्कम वेटरच्या हातात ठेवा, झालं. जीएसटी वेगळा, तो सरकारचा. सीजीएसटी-एसजीएसटी बघून परदेशी माणसाला हमखास वाटतं की यातलाच एखादा आकडा वेटरचा आहे. हे तुमच्या कागदावर आधी लिहा.

एसी हॉटेलात पाच ते दहा टक्के भरपूर झालं. दीड हजाराच्या बिलाला शंभर ठेवले तरी पोरगं हसत दार उघडतं. मात्र रोख ठेवायला सांगा. कार्डावर जास्तीची रक्कम मारली किंवा गल्ल्यावरचा क्यूआर स्कॅन केला, तर पैसे मालकाच्या खात्यात जातात. मग ते वेटरला मिळणं मालकाच्या मनावर. आमच्याकडं डबा आहे, रात्री मोजून भांडीवाल्यांसकट वाटून घेतो, पण सगळीकडं तसं नाही. बशीत ठेवण्यापेक्षा ज्यानं वाढलं त्याच्या हातात दिलेलं बरं.

प्रतिसाद – परदेशस्थ करवीरकर

अमेरिकन पाहुण्याची घालमेल समजून घ्या. इथं अमेरिकेत टीप म्हणजे बक्षिशी नाही, तो पगाराचाच भाग आहे. केंद्राच्या कायद्यानं टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं तासाला फक्त 2.13 डॉलर दिले तरी चालतात, बाकीचं टीपमधून भरून निघावं अशी अपेक्षा. हा आकडा 1991 पासून हललेला नाही. काही राज्यांत दर जास्त आहे, पण पंधरा-वीस टक्के न ठेवता उठणं म्हणजे त्या माणसाची मजुरी बुडवल्यासारखं वाटतं. मी नवीन असताना आपल्या सवयीनं दोन डॉलर ठेवून उठलो होतो. सोबतच्यानं परत जाऊन पैसे भरले, त्याची आजही लाज वाटते. त्याला एवढंच सांगा की कोल्हापुरात ताटाच्या किमतीत वाढणाऱ्याचा पगार धरलेला असतो, वरचं ते खुशीचं.

जर्मनीत पैसे देताना बेरीज वर ओढून तोंडी सांगतात. बिल 46 झालं तर "50 घ्या" म्हणायचं. ट्रिंकगेल्ड या त्यांच्या शब्दाचा अर्थच 'पिण्याचे पैसे', म्हणजे आपलं चहापाणीच. पण कोल्हापुरात त्यानं तसं म्हटलं तर आपला वेटर गोंधळेल आणि मोड मोजून परत आणेल. जपान्याची काळजीच नको. तिकडं टीप देतच नाहीत. ठेवलीच तर पैसे विसरलात म्हणून मागून धावत येतात. तुमच्या मावशी त्याला पहिल्या फटक्यात कळतील बघा!

प्रतिसाद – भाकरीवाली

दादा, आमची पण खानावळ आहे, म्हणून लिहिते. मावशींना राग आला नसणार. आपल्याकडं वाढणं म्हणजे पाहुणचार, रस्सा कितीही घ्या त्याचे पैसे नाहीत, मग वरचे पैसे कसले, असं त्यांना वाटलं असेल. माझ्या आईचंही तसंच आहे. पाहुण्यांना सांगा, ताटात टाकू नका आणि उठताना आत डोकावून "जेवण झ्याक झालं" एवढं बोला. आई ते चार दिवस सगळ्यांना सांगत असते. द्यायचंच असेल तर पाणी देणाऱ्या किंवा टेबल पुसणाऱ्या कामाच्या पोराला वीस-पन्नास द्या. त्याला हवेच असतात.

मिसळीच्या दुकानात, रंकाळ्यावर भेळेच्या गाडीवर, गंगावेशीत दूध कट्ट्यावर टीपचा विषयच नाही. जेवढे झाले तेवढे द्यायचे. पन्हाळ्यावर झुणका-भाकर देणाऱ्या बायकांशी मात्र दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करू नका, एवढं आवर्जून लिहा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं वाचून रविवारी मावशींकडं जाऊन आलो. नोटेची आठवण काढली तर त्या म्हणाल्या, "त्या पावण्याला म्हणावं, परत ये, सुकं मटण ऱ्हायलंय खायाचं."

मेलमध्ये आता असं लिहितोय : टेबलावर बिल येतं तिथं बिल वाचा, सर्व्हिस चार्ज असेल तर काढायला सांगा आणि वाढणाऱ्याच्या हातात पाच ते दहा टक्के रोख द्या. घरच्या माणसांची खानावळ असेल तर मालकाला काही देऊ नका, दोन शब्द बोला आणि कामाच्या पोराला पन्नास द्या. गाडीवर आणि मिसळीला फक्त झालेले पैसे. 'जेवण झ्याक झालं' रोमन अक्षरांत लिहून देतोय. जपानी पाहुण्याला वेगळी ओळ लिहिलीय, की दिलं नाही तरी कुणी वाईट वाटून घेणार नाही.

एकच अडचण राहिली. तिघंही विमानतळावरून पाचशेच्याच नोटा घेऊन येणार. प्रत्येकाच्या पाकिटात वीस-पन्नासच्या नोटा मिळून हजार रुपये घालून ठेवायचे म्हणतोय, पण आमच्या बँकेत सुट्टे नाहीत म्हणाले. शाहूपुरीत कुणाकडं मिळतील का?