पोट सुटण्यात बायका पुढे, ते आळसामुळे का?

सायली_ठाणे: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २५ किंवा वर, म्हणजे वजन जास्त असलेल्या बायका २४ टक्के, पुरुष २२.९. जवळपास सारखेच. पण कमरेचा घेर बघितला तर पोट सुटलेल्या बायका ४० टक्के आणि पुरुष १२! लोक लगेच आळस म्हणतात. मला हा वेळेच्या वाटणीचा प्रश्न वाटतो. २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बाईची रोजची २९९ मिनिटं त्यात जातात, पुरुषाची ९७. पहाटे उठून डबे भरणारी फिरायला जाणार कधी?

रानवाटा: पाच तास राबणाऱ्या बाईचा घेर वाढतोच कसा? खाण्यामुळे. चार वाजता चहासोबत खारी, रात्री उरलेला भात टाकवत नाही म्हणून संपवायचा. शिवाय महाराष्ट्रात बीएमआयमध्ये बायका २३.४ टक्के, पुरुष २४.७. इथे आपण पुरुष पुढे आहोत, त्यावर कुणी बोलत नाही.

सायली_ठाणे: ओट्याशी उभं राहून दम लागत नाही, त्याला व्यायाम म्हणू नका. आणि उरलेला भात दरवेळी तिच्याच ताटात का?

निमा: ४० आणि १२ जपून वापरा. त्यात मर्यादा बायकांना ८० सेंमी, पुरुषांना ९४ होती. भारतीय पुरुषांसाठी डॉक्टर ९० धरतात. म्हणजे ९२ घेराचा माणूस त्या १२ टक्क्यांत नाहीच. पुरुषांची चरबी यकृत-आतड्यांभोवती जास्त साठते, त्यामुळे फारसं जाड न दिसताही मधुमेह गाठतो. बायकांची पाळी असेपर्यंत मांड्या-नितंबांवर, पाळी गेली की पोटाकडे.

कस्तुरी: बाळंतपण विसरलात सगळे. डिंकाचे लाडू, तुपातला शिरा, सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही. पुढे बाळाचं वजन दर महिन्याला काट्यावर, आईचं कुणी बघत नाही. माझ्या बहिणीला पीसीओएस (अंडाशय आणि संप्रेरकांचा विकार) आहे. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा. कसं, ते सांगितलंच नाही. मला याचा फार राग येतो.

रानवाटा: बाळंतपणाचं पटलं. खाण्याचा मुद्दा सोडत नाही. आणि निमा म्हणतात तसं ९४ च्या फूटपट्टीने बायकांना पुढे ठरवू नका.

सायली_ठाणे: मग कंबर-नितंब गुणोत्तर (कमरेचा घेर भागिले नितंबांचा घेर) घ्या. मर्यादा पुरुषांना ०.९०, बायकांना ०.८५. त्याच पाहणीत धोक्यातल्या बायका ५६.७ टक्के, पुरुष ४७.७. अंतर कमी झालं, मिटलं नाही.