मदत हवी आहे: 'द ग्लास कासल'वर चर्चा घ्यायचीय, बापावरून भांडण न होता कशी घेऊ?

नमस्कार मंडळी,
आमच्या वाचन गटात या वेळी जेनेट वॉल्स यांचं 'द ग्लास कासल' घेतलंय, 2005 साली आलेलं आत्मकथन, आणि चर्चा मी घ्यायची आहे. ज्यांनी वाचलंय किंवा वडील-मुलगी या विषयावर कधी गटात बोलणं घडवून आणलंय त्यांनी प्लीज सुचवा.

व्हॉट्सॅपवर आत्ताच दोन तट पडलेत. एकांचं म्हणणं, दारूपायी पोरं उपाशी ठेवणाऱ्या बापाला माफी नाही म्हणजे नाही. दुसरे म्हणतात अहो पण जीव होता त्याचा पोरीवर. मला दोन्ही पटतं, आणि पुस्तकाची खरी ताकद तीच आहे, पण गाडी तिथेच अडकली तर सगळा वेळ निवाडा करण्यातच जाईल.

मला बोलायचंय ते जेनेटने हे सांगितलंय कसं त्यावर. नाताळला भेट घ्यायला पैसे नाहीत म्हणून रेक्स, म्हणजे तिचा बाप, तिला रात्री वाळवंटात नेऊन म्हणतो, आवडेल तो तारा घे, ती शुक्र मागते, तर म्हणतो ग्रह आहे तो, पण चल, नाताळ आहे, दिला तुला. वाचताना आपणही हरखतो. आणि हाच माणूस पुढे, त्याने बांधून देईन म्हटलेल्या काचेच्या महालाच्या पायासाठी जेनेट आणि तिच्या भावाने खणलेल्या खड्ड्यात घरातला कचरा टाकायला लावतो, कारण कचरा उचलणाऱ्यांची फी भरायला पैसे नाहीत. दोन्ही प्रसंग ती एकाच शांत सुरात सांगते, बघा किती वाईट असं कुठेच म्हणत नाही. दहाव्या वाढदिवसाला ती फक्त दारू सोडा एवढंच मागते, तो स्वतःला पलंगाला बांधून घेऊन सोडतोसुद्धा, आणि मग प्रवासात गाडी बंद पडते आणि दारू परत सुरू. मला तिथे राग जास्त आला की कीव, अजून सांगता येत नाही.

(आणि आई? पोरं उपाशी असताना पांघरुणाखाली लपून चॉकलेट खाणारी! तिच्यावर कोणी चकार शब्द काढत नाहीये.)

मी एक प्रश्न काढलाय: रेक्सवरचा तुमचा विश्वास कुठल्या प्रसंगात उडाला, आणि जेनेटचा कुठे? ह्याने लोक पुस्तकाला धरून बोलतील असं वाटतं. अजून असे प्रश्न सुचतायत का कोणाला?

दुसरं जास्त नाजूक आहे. गटातल्या एका ताईंनी मला वेगळा मेसेज केलाय की आमच्या घरीही असंच होतं, मी येईन पण बोलणं जमेल असं नाही. चर्चेत कोणीतरी 'शेवटी वडीलच ना, माफ करावं' म्हणणार हे नक्की. त्यांना उघडं पडल्यासारखं वाटू नये आणि बोलणाऱ्याचाही अपमान होऊ नये, तर अशा वेळी नेमकं काय म्हणायचं? सुरुवातीलाच 'स्वतःच्या घराबद्दल कोणाला विचारायचं नाही' असं सांगून टाकू, की त्यानेच सगळे अवघडतील?