कोकमाच्या उरलेल्या सालीची 'वजन कमी' पावडर करावी का?

कुडाळची_वहिनी:
नमस्कार मंडळी, आमचा घरगुती कोकम सिरपचा धंदा आहे. साली साखरेत मुरवून सिरप गाळून घेतलं की टोपल्याच्या टोपल्या साली उरतात, थोड्याची कँडी करतो बाकी माडाच्या आळ्यात जातात, बघून जीव तुटतो. आता एक व्यापारी म्हणतोय ह्या वाळवून पावडर करा, कोकमातल्या एचसीएने चरबी घटते, डबीवर 'वजन कमी करा' छापून ऑनलाइन विकू. खरंच तथ्य आहे का यात?

फूडटेकवाला:
वहिनी, अर्धंच आहे. एचसीए म्हणजे हायड्रॉक्सीसिट्रिक अ‍ॅसिड, कोकमात आणि केरळातल्या कुडमपुळीत (कोकमासारखंच आंबट फळ) भरपूर असतं, शरीरात साखरेची चरबी बनवणारं एक एन्झाइम ते अडवतं, उंदरांवर रिझल्ट चांगले आले आणि गार्सिनियाच्या (कोकम-कुडमपुळीच्या झाडांचं शास्त्रीय नाव) कॅप्सूलचं पेव फुटलं. पण १९९८ मध्ये 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय जर्नलमध्ये माणसांवरची ट्रायल आली, १३५ जण, १२ आठवडे, रोज १५०० मिलिग्रॅम एचसीए, डाएट सगळ्यांना सारखंच. एचसीएवाल्यांचं वजन सरासरी ३.२ किलो उतरलं आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांचं ४.१ किलो!

आणि तुमच्या सालीचं वेगळंच आहे. एचसीए पाण्यात विरघळतं, म्हणजे साखरेने रस ओढला तेव्हाच ते बरंचसं सिरपमध्ये गेलं, लाल रंगही गेला. मागे गार्सिनॉल नावाचं सालीतलं द्रव्य राहतं, ते पाण्यात उतरत नाही, त्यावर काम चालू आहे पण मुख्यतः पेशी आणि प्राण्यांवर. वर सालीत साखर मुरलेली, ती वजनवाल्यांना विकणं मला अजिबात पटत नाही.

औषधवाला_मिरज:
लिव्हरचं पण लक्षात घ्या ताई. गार्सिनियाच्या सप्लिमेंटने लिव्हर बिघडल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत, थोड्या आहेत पण काहींना ट्रान्सप्लांटपर्यंत जावं लागलं. सोलकढी, आमसूल बिनधास्त खा, भीती आहे ती गोळीत कोंबलेल्या एक्स्ट्रॅक्टची. आणि डबीवर तसं छापू नका, १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याच्या यादीत लठ्ठपणा आहे, औषध म्हणून जाहिरात केली तर अडकाल. खाद्यपदार्थ म्हणून विकलं तरी दाव्याला पुरावा लागतोच, एफएसएसएआय (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) विचारणार. व्यापारी नामानिराळा राहील, लेबलवर नाव तुमचं.

वेंगुर्ल्याचो_बाबू:
वहिनीनू, सालीच्या मागे कशाला लागताय, बियांचं काय करता? खरा माल तिथे आहे. बिया कडक वाळवायच्या, फोडून आतला गर वाटायचा, पाण्यात उकळला की तेल वर येतं, ते काढून निवलं की घट्ट होतं, वळले गोळे. आमच्याकडे मुटेल म्हणतात, आजी पायाच्या भेगांना हेच लावायची. आता क्रीम-साबणवाले कोकम बटर म्हणून घेतात आणि त्यात कुणाला काही खोटं सांगावं लागत नाही. फक्त ओलसर बी ठेवू नका, बुरशी लागते.

कुडाळची_वहिनी:
सगळ्यांचे मनापासून आभार, व्यापाऱ्याला उद्याच नाही कळवते, लिव्हरचं वाचून तर धस्सच झालं. सालीची कँडीच वाढवू. बाबूभाऊ, बिया आम्ही पोत्याने कवडीमोलात देऊन टाकत होतो हो! पाऊस तोंडावर आलाय, अंगणात दोन उन्हं मिळतील की नाही शंका आहे, सोलर ड्रायरमध्ये टाकल्या तर चालतील का, की उष्णतेने आतलं तेल सुटेल?